सीरमची बाटली घेण्यापूर्वी केसांचे वेळापत्रक कसे वाचावे

सदाशिव पेठेतील आमच्या औषधाच्या दुकानात दिवाळीच्या आगेमागे केसगळतीची तक्रार घेऊन येणारे दर वर्षी वाढतात. त्यांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात येऊन राहिलेली मुले-मुली अधिक असतात, आणि बहुतेकांचे निदान आधीच ठरलेले असते: पुण्याचे पाणी मानवले नाही. मोबाइलवर एखाद्या सीरमचे चित्र असते, त्यावर पेप्टाइड, ग्रोथ फॅक्टर, ॲनाजेन असे शब्द असतात आणि प्रश्न एकच असतो, ‘काका, याने फरक पडेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बाटलीवर सापडत नाही. विचारणाऱ्याचे केस त्या वेळी आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, यावर ते अवलंबून असते. मी औषधनिर्माता आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे निदान करण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहावे, लेबल कसे वाचावे आणि किती थांबावे, एवढे दुकानाच्या फळीमागून सांगता येते.

आधी केस कोठे आहे ते पाहावे

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचे मूळ त्वचेतील एका खळग्यात, म्हणजे केशकूपात, असते. केशकूप अखंड केस बनवत राहत नाही. तो काही वर्षे काम करतो, मग आवरते घेतो, काही काळ स्वस्थ बसतो आणि पुन्हा कामाला लागतो. कामाच्या टप्प्याला ॲनाजेन म्हणतात. डोक्यावरच्या केसांत तो साधारण दोन ते सहा वर्षे चालतो आणि त्या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आवरते घेण्याचा टप्पा, म्हणजे कॅटाजेन, दोन-तीन आठवड्यांत उरकतो. त्यानंतरची विश्रांती म्हणजे टेलोजेन; ती सुमारे तीन महिन्यांची असते आणि तिच्या शेवटी जुना केस सुटून पडतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत. माणसाचा प्रत्येक केशकूप आपापल्या घड्याळाने चालत असल्यामुळे सापाने कात टाकावी तसे आपले सगळे केस एकदम जात नाहीत. रोज पन्नास ते शंभर मात्र जातात, आणि त्यात काळजीचे काही नाही.

तीन महिन्यांचा आकडा येथे महत्त्वाचा आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, एकाएकी घटवलेले वजन अशा धक्क्यानंतर वाढीतले अनेक केशकूप वेळेआधीच विश्रांतीत जातात. त्या दिवशी एकही केस पडत नाही. पडतो तो विश्रांती संपल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर धक्का विसरला गेलेला असतो. बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळतात, असे आमच्या घरातल्या जुन्या बायका म्हणत. गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनने वाढीत थोपवून धरलेले केस प्रसूतीनंतर एकदम विश्रांतीत जातात आणि बाळाच्या त्या हसण्याच्या सुमारास सुटतात, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. बाळाच्या हसण्याचा त्यात काही दोष नाही.

मागच्या नोव्हेंबरात लातूरची एक विद्यार्थिनी तीन दिवसांची गुंतवळ वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून घेऊन आली होती. औषधांच्या पट्ट्यांवरील बारीक अक्षरे वाचण्यासाठी ठेवलेले भिंग काढून मी त्यातले दहा-बारा केस काळ्या कागदावर पसरले. प्रत्येकाच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही लहान, कोरडा, पांढरा ठिपका होता, गदेच्या टोकासारखा किंचित फुगलेला. विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाची ती खूण आहे. वाढीतला केस ओढून काढला तर त्याचे मूळ गडद, ओलसर आणि बहुधा वाकडे असते व त्याला चिकट आवरण लागलेले दिसते. मधेच तुटलेल्या केसाला तर मूळच नसते. गेल्या तीन-चार महिन्यांत काही आजारपण झाले होते का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘नाही. म्हणजे डेंग्यू झाला होता, पण तो ऑगस्टात.’

तिच्या त्या ‘पण’मध्ये सगळा गैरसमज आला. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूची साथ येते आणि त्या साथीमुळे जायचे केस दिवाळीनंतर गळतात. मधल्या काळात माणसाने वसतिगृह बदललेले असते, टँकरचे पाणी सुरू झालेले असते, शाम्पू बदललेला असतो, आणि दोष त्यांच्या माथी जातो. जड पाण्यातील क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात आणि तुटतातही, हे खरे आहे. परंतु ते पाणी त्वचेत तीन-चार मिलिमीटर खोल असलेल्या मुळापर्यंत पोचून केशकूपाला विश्रांतीत धाडू शकत नाही. म्हणून पहिली पायरी ही: गळलेले केस काळ्या कापडावर ठेवून मूळ आहे की नाही ते पाहावे, आणि मूळ पांढरे असेल तर दिनदर्शिका तीन महिने मागे उलटावी.

दुसरी पायरी म्हणजे गळती कोठे होते आहे ते पाहणे. सगळ्या डोक्यावर सारखी विरळता आली असेल तर वरील कारणे अधिक संभवतात. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील किंवा भोवऱ्याभोवती टाळू दिसू लागली असेल, स्त्रियांत भांग रुंदावत असेल, आणि त्या भागात जाड केसांच्या जोडीला मऊ, बारीक, आखूड केस दिसत असतील, तर ते आनुवंशिक टक्कल असण्याची शक्यता मोठी. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई असू शकते. तो रोगप्रतिकारक यंत्रणेचा प्रश्न आहे आणि तेथे वृद्धिघटकांच्या, म्हणजे ग्रोथ फॅक्टरच्या, सीरमवर एक रुपयाही घालवू नये. त्वचा लाल असेल, पापुद्रे सुटत असतील, दुखत असेल किंवा चट्ट्यावरची छिद्रेच दिसेनाशी होऊन कातडी चकचकीत झाली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे, कारण व्रण होऊन मेलेला केशकूप परत येत नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. रांग लागते, पण डोके डॉक्टर पाहतो, विक्रेता नव्हे.

सर्वत्र सारखी गळती असलेल्यांना डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या सांगतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे, कारण बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

कोणता रेणू काय सांगतो

केशकूपाच्या तळाशी पेशींचा एक लहानसा गोळा असतो. त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. केस बनवणाऱ्या पेशी त्याच्याभोवती असतात आणि पॅपिला त्यांना रासायनिक निरोप पाठवत राहते. या निरोपांची ताकद किती, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळते. ब्रिटनमधील संशोधक कॉलिन जाहोडा यांनी स्वतःच्या डोक्यावरील केशकूपाच्या तळाचे आवरण काढले आणि ते त्यांची सहकारी व पत्नी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हाताच्या त्वचेत बसवले. तेथे नवे केशकूप तयार होऊन जाडसर केस उगवले. पुरुषाच्या पेशींनी निरोप दिला आणि स्त्रीच्या त्वचेने तो ऐकून केस बनवला. वृद्धिघटक म्हणजे हेच निरोप. ती प्रथिने असतात, एका पेशीतून सुटतात आणि दुसऱ्या पेशीवरील ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतात.

विश्रांतीतल्या केशकूपात बीएमपी नावाचे घटक मूलपेशींना (स्टेम सेल्सना) गप्प बसवून ठेवतात. वाढ सुरू व्हायची तेव्हा नॉगिन हे प्रथिन बीएमपीला अडवते, विंट हा संदेश बळावतो आणि मूलपेशी जाग्या होतात. मग सॉनिक हेजहॉग नावाचा घटक पुढच्या पेशींना वेगाने विभागायला लावतो. (हे नाव खरोखरच एका व्हिडिओ गेमवरून ठेवले आहे; शास्त्रज्ञांनाही कधी कधी गंमत सुचते.) वाढ सुरू झाल्यावर पॅपिलेतून येणारे एफजीएफ-७ आणि आयजीएफ-१ ती टिकवतात, आणि व्हीईजीएफ केशकूपाभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे वाढवते. उंदरांच्या त्वचेत व्हीईजीएफ वाढवले असता केशकूप आकाराने मोठे झाल्याचे दिसले आहे.

सीरमच्या जाहिराती येथेच थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. चक्रात थांबवणारे निरोपही असतात आणि त्यांनाही वृद्धिघटकच म्हणतात. एफजीएफ-५ हा वाढ संपवण्याचा इशारा देतो. १९९४ मध्ये त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे केस नेहमीपेक्षा बरेच लांब वाढले; कुत्र्यांच्या लांब केसाळ जातींत त्याच जनुकातील बदल सापडले, आणि काही कुटुंबांतील अतिलांब पापण्यांचे कारणही तेच निघाले. टीजीएफ-बीटा केशकूपाला कॅटाजेनमध्ये ढकलते. आनुवंशिक टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पॅपिलेतील ग्राहींना चिकटते, मग पॅपिला टीजीएफ-बीटा आणि विंटला अडवणारे डीकेके-१ जास्त सोडू लागते. वाढीचा टप्पा दर चक्रात आखूड होतो आणि केस दर वेळी आधीपेक्षा बारीक उगवतो.

सर्वांत बोलके उदाहरण ईजीएफचे, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचे, आहे. हा घटक शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह मिळाले, आणि आज सीरमच्या खोक्यांवर हे नाव मोठ्या अक्षरांत दिसते. आपल्याकडे बारामती-फलटणच्या बाजूला धनगर दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरीने काढतात. ऑस्ट्रेलियात मात्र मेंढीला ईजीएफचे इंजेक्शन देऊन लोकर आपोआप सुटावी अशी पद्धत निघाली: घटक केसांच्या मुळांचे काम काही काळ थांबवतो, लोकरीत तेथे कमकुवत जागा तयार होते, आणि मेंढीच्या अंगावर घातलेल्या जाळीत अख्खी लोकर गोळा होते. ज्या घटकाच्या नावातच वाढ आहे, त्यानेच मेंढी बोडकी झाली. जखम भरण्यासाठी ईजीएफ उपयोगी आहे, पण त्यावरून तो केस वाढवतो असे ठरत नाही.

एकच घटक वेळेनुसार उलट कामही करतो. टीजीएफ-बीटाचाच एक प्रकार विश्रांतीच्या शेवटी बीएमपीचा दाब कमी करून मूलपेशींना जागे होण्यास मदत करतो, असे २०१२ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले. म्हणून ‘यात ग्रोथ फॅक्टर आहेत’ हे विक्रेत्याचे वाक्य, ‘या डब्यात औषधे आहेत’ म्हणण्याइतकेच माहितीपूर्ण आहे. कोणता घटक आणि चक्राच्या कोणत्या टप्प्यासाठी, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर म्हणून माहितीपत्रक पुढे आले तर उत्तर नाही असे समजावे.

बाटली कशी वाचावी

पुढचा प्रश्न आत पोचण्याचा. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू सहसा आत जाऊ देत नाही. मिनॉक्सिडिल या टाळूला लावायच्या केसवाढीच्या औषधाचा रेणू २०९ डाल्टनचा आहे. आयजीएफ-१ सुमारे साडेसात हजारांचा, ईजीएफ सुमारे सहा हजारांचा, आणि व्हीईजीएफ त्याहून कितीतरी मोठा. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचे असते. ते हातावर चोळून साखर उतरली असती तर आमच्या दुकानातून सुया कशाला विकल्या गेल्या असत्या? केशकूपाच्या तोंडातून थोडाफार शिरकाव होतो, पण जखम नसलेल्या त्वचेवर लावलेले वृद्धिघटक पॅपिलेपर्यंत पुरेसे पोचतात, असे गृहीत धरू नये.

पेप्टाइडची कल्पना या अडचणीतून पुढे आली. प्रथिन ही ॲमिनो आम्लांची लांब माळ असेल, तर पेप्टाइड म्हणजे तिचे काही मणी. यांतले सर्वांत परिचित म्हणजे जीएचके, ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन मण्यांचे. ते १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवात ओळखले. त्याचे वजन सुमारे ३४० डाल्टन असून ते तांब्याला धरून ठेवते, आणि लेबलवर ते कॉपर ट्रायपेप्टाइड-१ या नावाने येते. त्याचे द्रावण निळसर दिसते. मात्र निळा रंग बाजारात स्वस्त मिळतो, म्हणून रंगावरून खात्री करू नये. जीएचकेला बायोटिन जोडले की बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१ होते. ते प्रोकॅपिल या मिश्रणात असते. ॲसिटिल टेट्रापेप्टाइड-३ हे लाल क्लोव्हरच्या अर्कासोबत कॅपिक्सिल या मिश्रणात येते. रेडेन्सिलही याच रांगेत ठेवलेले असते, पण त्यातील मुख्य घटक पेप्टाइड नाहीत, वनस्पतिजन्य रेणू आहेत.

यांच्याबद्दलचा बराचसा पुरावा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा किंवा थोड्याशा स्वयंसेवकांवरचा आहे आणि त्यातला मोठा भाग कच्चा माल बनवणाऱ्यांनीच जमवलेला आहे. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण मिनॉक्सिडिलच्या पंगतीलाही बसत नाही. शिवाय मिनॉक्सिडिल हे औषध आहे आणि पेप्टाइडची बहुतेक सीरम सौंदर्यप्रसाधने म्हणून विकली जातात. औषधाला गुण सिद्ध करावा लागतो तसा सौंदर्यप्रसाधनाला करावा लागत नाही. म्हणून बाटली उलटी करून आधी हे पाहावे की ती कोणत्या वर्गातली आहे.

मग घटकांची यादी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवणारे रसायन साधारणपणे एक टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे यादीत ते जेथे दिसेल तेथे एक टक्क्याची रेघ आली असे ढोबळमानाने धरावे. पेप्टाइड जवळजवळ नेहमी त्या रेघेखाली सापडते. ‘३ टक्के पेप्टाइड कॉम्प्लेक्स’ या शब्दांनीही फसू नये, कारण ते तीन टक्के तयार मिश्रणाचे असतात आणि मिश्रणात मुख्यतः पाणी व ग्लायकॉल असते. समजा, मिश्रणाच्या हजार भागांत पेप्टाइडचा एकच भाग असेल, तर तीस मिलिलिटरच्या बाटलीत पेप्टाइड भरते एक मिलिग्रॅमच्याही आत. येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की असे निरोप शरीरात अगदी अल्प मात्रेतच काम करतात. त्यामुळे थोडे म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ काढू नये. फक्त खोक्यावरच्या टक्क्यांवरून किंमत ठरवू नये.

‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या पेप्टाइडच्या कुप्या ऑनलाइन मागवून त्या टोचून घेणारे अलीकडे भेटतात. त्यांच्या निर्जंतुकतेची, मात्रेची किंवा आत खरोखर काय आहे याची हमी कोणी देत नाही. त्या घेऊ नयेत. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

रक्तातून काढलेले घटक

पीआरपीमध्ये (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) स्वतःचेच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि रक्तबिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) दाट झालेला भाग टाळूत टोचतात. रक्तात बिंबिका एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीमध्ये त्या दहा लाखांच्या आसपास नेण्याचा प्रयत्न असतो. बिंबिकांच्या पोटात पीडीजीएफ, व्हीईजीएफ आणि आयजीएफ-१ असतात, तसे टीजीएफ-बीटा आणि ईजीएफही असतात, म्हणजे पुढे ढकलणारे आणि मागे ओढणारे दोन्ही. हा सगळा काला एकत्रच टोचला जातो. त्यातून काहींच्या केसांची दाटी वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे. परंतु रक्त फिरवण्याची पद्धत दवाखान्यागणिक बदलत असल्याने शेजाऱ्याला आलेला गुण आपल्याला येईलच असे नाही. जीएफसी या नावाने मिळणाऱ्या पद्धतीत बिंबिकांऐवजी त्यांतून सुटलेले घटक टोचतात. मूळ विचार तोच. एक्झोसोमची, म्हणजे पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची, इंजेक्शने मात्र टाळावीत. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यांतील एकही उत्पादन मंजूर केलेले नाही.

माझ्या भाच्याने शहरातील एका केंद्रात सहा बैठकांचे पैसे एकरकमी भरले होते. पहिल्याच दिवशी त्याचे रक्त काढून नळी नाव न लिहिता स्टँडमध्ये ठेवली गेली, आणि तेथे तशाच दोन नळ्या आधीपासून होत्या. तो उठून घरी आला. पैसे अर्धेच परत मिळाले. तेव्हापासून मी विचारणाऱ्याला सांगतो की रक्त काढण्यापूर्वी तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात: नळीचे पाकीट आपल्यासमोर फोडले गेले, नळीवर आपले नाव पडले आणि टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे. एका वेळी एकाच बैठकीचे पैसे द्यावेत. बिंबिका कमी असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, टाळूवर जंतुसंसर्ग असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे करू नये.

बारीक सुयांचा रोलर फिरवून केलेल्या सूक्ष्म जखमांमुळेही त्वचा स्वतःचे वृद्धिघटक सोडते. मुंबईत डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभर पुरुषांपैकी निम्म्यांना मिनॉक्सिडिलच्या जोडीला आठवड्यातून एकदा रोलर आणि निम्म्यांना नुसते मिनॉक्सिडिल दिले होते. १२ आठवड्यांनी ठरावीक जागेतील केसांच्या संख्येत झालेली वाढ सरासरी ९१ विरुद्ध २२ अशी निघाली. अभ्यास लहान असला तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र घरचा रोलर घरातल्या सर्वांनी वापरणे, तो न्हाणीघरात उघडा ठेवणे आणि सुया बोथट होईपर्यंत फिरवणे, या तिन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. रोलर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरावा, आणि सुई फिरवलेल्या दिवशी टाळूला मिनॉक्सिडिल लावू नये.

सुरू कसे करावे आणि मोजावे कसे

निदान आनुवंशिक टकलाचे असेल तर पाया सिद्ध औषधांचाच असावा. मिनॉक्सिडिल रक्तदाबाचे औषध म्हणून आले; अंगावर केस वाढू लागल्याचे लक्षात आल्यावर त्याचे लावायचे द्रावण बनले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी मंजूर झाले. पॅपिलेच्या पेशींत ते व्हीईजीएफ वाढवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, म्हणजे वृद्धिघटकांच्या यंत्रणेलाच ते मागच्या दाराने हात घालते. पुरुषांसाठीचे फिनास्टेराइड हे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनणे कमी करते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि गरोदर स्त्रीने त्याच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. मिनॉक्सिडिल गरोदरपणात व बाळाला अंगावर पाजत असताना टाळावे. घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल लावलेली उशी तिच्यापासून दूर ठेवावी. तेवढे चाटणेही तिच्या जिवावर बेतू शकते. पेप्टाइडचे सीरम वापरायचे असल्यास या पायावर जोड म्हणून वापरावे, आणि दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नयेत. नाहीतर टाळूला खाज सुटली तर कोणामुळे आणि गुण आला तर कोणामुळे, काहीच कळत नाही.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. विश्रांतीतले केशकूप लवकर जागे होऊन जुने केस बाहेर ढकलतात, म्हणून तसे होते. नेमक्या याच वेळी बहुतेक लोक बाटली फेकतात. जागा झालेला केस महिन्याला एक सेंटिमीटरच वाढणार, त्यामुळे चार महिन्यांच्या आत काही दिसण्याची अपेक्षा धरू नये आणि सहा महिन्यांच्या आत निकाल लावू नये. ‘पंधरा दिवसांत नवे केस’ हे आश्वासन केसाच्या वाढीच्या वेगात बसतच नाही.

आरशावर विश्वास ठेवू नये, कारण आरसा रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही आणि घाबरलेल्याला नसलेला बदल दिसतो. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचा भांग तसाच पाडून फोटो काढावा. गळती मोजायची असेल तर डोके धुण्यापूर्वी कोरड्या केसांतून मागून पुढे एक मिनिट कंगवा फिरवावा, खाली फिकट चादर टाकावी आणि पडलेले केस मोजून आकडा तारखेसह वहीत लिहावा. तीन धुण्यांची सरासरी घेतली तर एका दिवसाचा चढउतार फसवत नाही. बाटली ज्या दिवशी उघडली ती तारीखही त्याच वहीत लिहावी. सहा महिन्यांनी आकडे आणि फोटो दोन्ही जागच्या जागी असतील तर सीरम बंद करावे. मिनॉक्सिडिलचा गुण आला असेल तर ते चालू ठेवावे लागते. सोडल्यावर तीन-चार महिन्यांत, म्हणजे एका विश्रांतीच्या अंतराने, मिळवलेले केस जातात.

लातूरच्या त्या मुलीला मी तेव्हा काहीच विकले नव्हते. डॉक्टरांकडे पाठवले आणि मोजणीची वही ठेवायला सांगितले. एप्रिलमध्ये ती वही घेऊन आली. केस गळायचे थांबले होते, कपाळाच्या कडेला आखूड नवे केस उभे राहिले होते, आणि ती आनंदाने सांगत होती की अखेर तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून पेप्टाइडचे सीरम आणले आणि त्यानेच फरक पडला. मी वही उघडली. नोव्हेंबरच्या शेवटी ७१ असलेला आकडा डिसेंबरच्या मध्यावर ५२ आणि वर्षअखेरीस ३४ वर आला होता. त्याखाली लाल शाईने चौकट करून लिहिले होते: १२ जानेवारी, सीरम सुरू.